धोका सांगायचा कसा? पन्नास वर्षांच्या संशोधनाचा नकाशा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत, तेव्हा सांभाळून घ्या.

तारीख १३ जानेवारी २०१८. शनिवारची सकाळ. आठ वाजून सात मिनिटांनी अमेरिकेतल्या हवाई बेटांवर लोकांचे मोबाइल एकदम कर्कश वाजायला लागले. पडद्यावर संदेश होता, की बेटांच्या दिशेनं क्षेपणास्त्र येतंय, लगेच आसरा शोधा, आणि ही रंगीत तालीम नाही. कुणी मुलांना घेऊन न्हाणीघरात बसलं. कुणी आईवडिलांना फोन लावला आणि निरोप घेतला.

क्षेपणास्त्र वगैरे काही नव्हतंच. आपत्कालीन कार्यालयात सराव चालू होता आणि त्यात खराखुरा इशारा बाहेर गेला. हे तिथल्या अधिकाऱ्यांना दोन-तीन मिनिटांतच कळलं होतं. पण 'इशारा चुकीचा होता' असा दुसरा संदेश लोकांच्या फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. तिथले गव्हर्नर डेव्हिड इगे यांनी नंतर स्वतःच सांगितलं, की ट्विटरवर खुलासा टाकायचा तर त्यांना स्वतःच्या खात्याचं लॉगिन आठवत नव्हतं!

आता बघा, तंत्रज्ञान एकदम चोख होतं. काही क्षणांत लाखो फोन वाजले. अडलं कुठे? पुढचं एक वाक्य कुणी बोलायचं, कुठून बोलायचं आणि ते आधी लिहून ठेवलंय का, इथे.

या 'कुणी, कसं आणि कधी बोलायचं' याचाच अभ्यास करणारी एक अख्खी ज्ञानशाखा गेल्या पन्नास वर्षांत उभी राहिली आहे. आज तिचा इतिहास बघू. आणि त्यातून एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येईल. धोका सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला काय समजतो? अडाणी गर्दी, की भागीदार?

आधी दोन शब्द

या विषयाचे दोन प्रवाह आहेत. एक जोखीम संवाद, दुसरा संकट संवाद. पावसाळ्यात 'या घाटात दरड कोसळू शकते' असं सांगणं म्हणजे जोखीम संवाद. 'दरड कोसळली आहे, रस्ता बंद आहे, इकडे येऊ नका' हा संकट संवाद. पहिला घटनेच्या आधीचा आणि सावकाश चालणारा. दुसरा ऐन घाईतला. ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, पण ही दोन भावंडं वेगवेगळ्या घरांत वाढली. ती गोष्ट पुढे येईलच.

आणि 'संशोधनाचा नकाशा' म्हणजे काय? तर हजारो शोधनिबंध गोळा करायचे. त्यांचे विषयशब्द, म्हणजे कीवर्ड, काढायचे. कोणते शब्द एकत्र येतात, कोण कुणाचा संदर्भ देतं, हे संगणकाला मोजायला लावायचं. जे शब्द वारंवार सोबत येतात ते पडद्यावर जवळजवळ दिसतात आणि त्यांच्या वस्त्या तयार होतात. एका कोपऱ्यात अणुऊर्जा आणि रसायनं, दुसऱ्या कोपऱ्यात कंपन्यांची प्रतिमा, तिसरीकडे साथी, आणि अलीकडे सोशल मीडियाची मोठी वस्ती. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेलं एक सॉफ्टवेअर असे नकाशे काढायला जगभर वापरतात.

आपण या वस्त्यांमधून चालत जाऊ. पण सुरुवात करू अशा एका ठिकाणापासून, जे या नकाशावर सहसा दिसत नाही. कारण तिथली गोष्ट हा विषय जन्माला यायच्या सत्तर वर्षं आधीची आहे.

मुंबई आणि पुणे, १८९६ ते १८९८

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी ओळखलं, की हा प्लेग आहे. ४ फेब्रुवारी १८९७ ला ब्रिटिश सरकारनं साथरोग कायदा केला. सरकारला जवळपास हवे ते अधिकार देणारा हाच कायदा कोव्हिडच्या वेळीही वापरला गेला.

पुण्यात प्लेग आल्यावर रँड नावाचा अधिकारी नेमला गेला. गोरे सैनिक घरोघरी शिरून रोगी शोधायला लागले. देवघर, माजघर, काही बघितलं नाही. बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ, माणसं उचलून रुग्णालयात आणि घरचे विलगीकरणाच्या छावणीत. छापील सूचना निघत होत्या. पण त्या हुकूम होत्या, त्यांना संवाद म्हणता येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्लेग खरा होता. रोगी वेगळे ठेवणं हेही अगदीच निरर्थक नव्हतं. टिळकांचाही विलगीकरणाला सरसकट विरोध नव्हता. ते स्वतः पुण्यात राहिले, प्लेगच्या रुग्णालयासाठी खटपट केली. त्यांचा राग होता तो जुलमी पद्धतीवर. आणि लोकांनी काय केलं? रोगी लपवले. म्हणजे साथ थांबवायला काढलेल्या उपायानंच साथ झाकली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग आपण शाळेत शिकतो. पण त्यामागचा संवादाचा प्रश्न शाळेत कुणी सांगत नाही.

त्याच वेळी मुंबईत काय चाललं होतं? वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही बिचकत होते, अफवा जोरात होत्या. तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू, तिसरे आगाखान, वय वर्षं १९, यांनी चारचौघांत स्वतः लस टोचून घेतली. ती बातमी मुद्दाम पसरवली आणि त्यांच्या अनुयायांपैकी हजारोंनी लस घेतली.

एकच रोग, तोच काळ, शंभर-सव्वाशे मैलांचं अंतर. एकीकडे बंदूक घेऊन दारात आलेला शिपाई, दुसरीकडे आधी आपला दंड पुढे करणारा आपल्यातलाच माणूस. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही तपासणीवरून दंगल झाली, आणि मग सरकारनं सक्तीचा सूर हळूहळू खाली आणला. हा धडा तेव्हाच मिळाला होता. पण त्याला नाव मिळालं नाही, सिद्धान्त मिळाला नाही, आणि जग तो विसरून गेलं.

आकड्यांचा काळ

आता एकदम अमेरिकेत जाऊ, कारण अधिकृत इतिहास तिथून सुरू होतो. १९६९ मध्ये चॉन्सी स्टार या अभियंत्यानं 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. अणुऊर्जेचा काळ होता. लोक अणुभट्टीला घाबरतात, पण स्कीइंग करायला हसत जातात, असं का? स्टारचं उत्तर असं, की आपण स्वतःहून पत्करलेला धोका आपल्याला चालतो. दुसऱ्यानं लादलेल्या धोक्याच्या तो सुमारे हजारपट असला तरी चालतो.

मग ओरेगॉनमध्ये पॉल स्लोव्हिक, बारूक फिशहॉफ आणि सारा लिख्टेनस्टाइन यांनी थेट लोकांनाच विचारलं. तीस गोष्टींची यादी दिली. मोटारसायकल, सिगारेट, विजेची उपकरणं, अणुऊर्जा वगैरे. धोक्याप्रमाणे क्रम लावा म्हणाले. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी अणुऊर्जा पहिल्या क्रमांकावर ठेवली. महिला मतदारांच्या एका संघटनेच्या सदस्यांनीही पहिल्याच. तज्ज्ञांनी ठेवली विसाव्या!

तेव्हाचे तज्ज्ञ म्हणाले, बघा, लोकांना कळत नाही. स्लोव्हिक मंडळी म्हणाली, थांबा. तज्ज्ञ मरणाऱ्यांची संख्या मोजतात. लोक आणखी काही मोजतात. धोका माझ्या हातात आहे का? तो अनोळखी आहे का? माझ्या मुलाबाळांपर्यंत जाईल का? त्याचा फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला, असं आहे का? म्हणजे लोकांची भीती हा निव्वळ अडाणीपणा नाही. त्यात न्यायाचा प्रश्न दडलेला असतो. माझ्या मते या अख्ख्या विषयातला हा सगळ्यात मोठा वळणाचा दगड.

आणि मग २८ मार्च १९७९ ला पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. गंमत म्हणजे अणुभट्टीतल्या अपघातावरचा एक सिनेमा बारा दिवस आधीच लागला होता. कंपनी एक सांगत होती, सरकारी संस्था दुसरं, पत्रकारांना तिसरंच कळत होतं. तिसऱ्या दिवशी गव्हर्नरनी सल्ला दिला, की पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी दुसरीकडे जावं. हा सल्ला काही हजार लोकांपुरता होता. प्रत्यक्षात घर सोडून गेले सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार!

बाहेर पडलेला किरणोत्सर्ग फारच कमी होता, असं पुढच्या चौकशांमध्ये दिसलं. पण विश्वास गेला तो गेलाच. आकडे बरोबर असून भागत नाही, ते सांगणाऱ्यावर भरवसा लागतो, हे तेव्हा तज्ज्ञांच्या लक्षात यायला लागलं.

भोपाळनंतर हक्काची भाषा

२ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं गेली. किती हजार, यावर आजही वाद आहे.

आपल्या विषयासाठी त्या रात्रीचे तपशील फार महत्त्वाचे आहेत. कारखान्याचा लोकांसाठीचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बंद केला गेला. आजूबाजूच्या वस्त्यांना माहीत नव्हतं, की आत काय बनतं. वायू सुटला तर ओल्या फडक्यानं नाकतोंड झाकायचं, एवढी साधी गोष्टसुद्धा त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही कळेना, की हा नेमका कोणता वायू आणि उपचार काय करायचा. आणि असं नाही, की कुणी आधी बोललंच नव्हतं. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात लिहीत होते, की हे शहर धोक्यात आहे. ऐकलं कुणी नाही. म्हणजे इथे लोकांनी इशारा दिला होता आणि बहिरे होते ते वरचे!

भोपाळचा परिणाम कुठे झाला बघा. १९८६ मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की तुमच्या वस्तीजवळच्या कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत हे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. भारतातही १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८९ च्या नियमांनी घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांना आणि जिल्हा प्रशासनाला अपघाताच्या योजना करणं आणि आसपासच्या लोकांना माहिती देणं बंधनकारक केलं. तुम्ही तळोजा, महाड, लोटे किंवा पाताळगंगेच्या आसपास राहत असाल, तर हे तुमच्याबद्दल आहे. तुमच्या जवळच्या कारखान्यात काय आहे आणि भोंगा वाजला तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी कधी सांगितलंय का?

त्याच काळात पीटर सँडमन यांनी एक सुटसुटीत सूत्र मांडलं. जोखीम म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक लोकांचा संताप. तज्ज्ञ फक्त पहिला भाग बघतात, लोक दुसरा जगत असतात. १९८८ मध्ये रॉजर कॅस्परसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एखादा धोका माध्यमं, संस्था आणि आपल्या गप्पा यांतून जाताना मोठा किंवा छोटा होत जातो, स्पीकरच्या आवाजासारखा. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं जोखीम संवादाचे सात नियम काढले. पहिलाच नियम असा, की लोकांना बरोबरीचे भागीदार माना.

दुसरं घर: कंपनीची अब्रू

आता ते दुसरं भावंड. संकट संवाद वाढला जनसंपर्काच्या घरात. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांच्या बाटल्यांमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं. सात जण दगावले. जॉन्सन अँड जॉन्सननं देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना उघडपणे सांगितलं आणि सीलबंद वेष्टनात औषध पुन्हा आणलं. कंपनी सावरली, आणि हे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गांत कायमचं बसलं.

इथून पुढे संशोधकांनी एक वेगळाच प्रश्न घेतला. संकटानंतर संस्थेनं काय बोलावं? नाकारावं, सबब सांगावी, की माफी मागावी? विल्यम बेनॉइट यांनी प्रतिमा सावरण्याच्या वाटा मांडल्या. टिमोथी कूंब्स यांनी सांगितलं, की लोक दोष किती तुमच्यावर टाकतात त्यावर उत्तर ठरवा. तुम्ही स्वतःच बळी आहात, की अपघात झाला, की टाळता येण्यासारखी गोष्ट तुम्ही होऊ दिलीत? नकाशावर ही वस्ती भली मोठी आहे.

उपयोगी आहे, नाही कशाला म्हणू. पण एक फरक विसरू नका. पहिल्या घराचा प्रश्न होता माणसं वाचतील कशी, आणि या घराचा प्रश्न आहे नाव वाचेल कसं. हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी एकाच उत्तराकडे नेतात असं नाही.

ही दोन घरं जवळ आली ती साथींमुळे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली गेली. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं दोन्ही प्रवाह जोडून एक पद्धत तयार केली. सगळ्यात आधी बोला, बरोबर बोला, विश्वासार्ह राहा, लोकांचं दुःख समजून घ्या, काय करायचं ते सांगा, आणि आदर ठेवा. २००३ मध्ये सार्स आला. चीननं सुरुवातीला माहिती दाबल्याचे परिणाम जगानं भोगले, आणि २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साथीतल्या संवादाची तत्त्वं जाहीर केली. त्यात पहिलं तत्त्व होतं विश्वास.

'घाबरू नका' म्हणण्याची किंमत

इथे एक मोठा गैरसमज मोडायला हवा. अधिकारी माहिती का दाबतात? नेहमीचं उत्तर असतं, की लोक घाबरतील, पळापळ होईल. अमेरिकेत १९६३ मध्ये आपत्ती संशोधनाचं एक केंद्र निघालं. एन्रिको क्वारंटेली हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आपत्तीनंतर जागेवर जाऊन पाहिलं, तर आंधळी पळापळ फार क्वचित दिसते. लोक शेजाऱ्याला उचलतात, एकमेकांना विचारतात, खात्री करतात. डेनिस मिलेटी यांच्या अभ्यासातही हेच येतं. इशारा मिळाल्यावर माणूस लगेच धावत सुटत नाही. तो आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो, 'खरंय का रे?' आपण घरच्या ग्रुपवर टाकतो ना, 'हे खरं आहे का कुणी सांगेल का', अगदी तेच.

आणि लोकांची समजूत काढायच्या नादात काय होतं, ते इटलीत दिसलं. २००९ मध्ये लाक्विला शहरात कित्येक आठवडे छोटे धक्के बसत होते. तिथे जुनी रीत होती, की धक्का बसला की घराबाहेर यायचं, रात्र उघड्यावर काढायची. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. नागरी संरक्षण खात्याचा एक अधिकारी टीव्हीवर बोलला, की काळजीचं कारण नाही. निवांत एक ग्लास वाइन घ्यावी का, या प्रश्नालाही त्यानं होकार दिला. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली. काही कुटुंबांनी नंतर सांगितलं, की त्या रात्री धक्का बसूनही आम्ही घरातच थांबलो, कारण तज्ज्ञांनी निश्चिंत राहायला सांगितलं होतं.

२०१२ मध्ये सात जणांना सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभरचे शास्त्रज्ञ भडकले, की भूकंपाचं भाकीत कुणालाच करता येत नाही. पुढे अपिलात सहा जण सुटले, एकाची शिक्षा कमी होऊन राहिली. पण मुद्दा भाकिताचा नव्हताच. 'आम्हाला नक्की माहीत नाही, तुमची जुनी सवय चालू ठेवा' एवढं म्हणता आलं असतं. अनिश्चितता मोकळेपणानं सांगणं हा त्यानंतर संशोधनातला मोठा विषय झाला.

फोन हातात आल्यावर

मग नकाशावर सगळ्यात वेगानं वाढली ती सोशल मीडियाची वस्ती. आतापर्यंत धोका सांगणारे थोडे आणि ऐकणारे सगळे, अशी मांडणी होती. ती उलटली. आता प्रत्येक जण इशारा देऊ शकतो. पुरात अडकलेला माणूस स्वतःचं ठिकाण पाठवू शकतो. आणि खोटा इशाराही तितक्याच वेगानं पळतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हॉट्सअॅप संदेश त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भटक्या समाजातली पाच माणसं तिथे आली होती. जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

तो संदेश नीट बघा. जोखीम संवादाचं सगळं व्याकरण त्यात आहे. अनोळखी धोका, मुलांना धोका, जवळच असलेला धोका, आणि पाठवणारा ओळखीतला. स्लोव्हिक मंडळींनी जे ओळखलं होतं, ते अफवेला न शिकता येतं! तिच्यापाशी नसते ती फक्त जबाबदारी. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथीसोबत माहितीचीही साथ आल्याचं सांगितलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोव्हिडवरच्या निबंधांचा असा पूर आला, की नकाशाचा आकारच बदलला.

नकाशाच्या बाहेरचं

बारूक फिशहॉफ यांनी १९९५ मध्ये या विषयाच्या वीस वर्षांच्या वाटचालीची एक शिडी मांडली होती. आधी वाटलं, आकडे बरोबर काढले की झालं. मग वाटलं, आकडे सांगितले की झालं. मग समजावून सांगू, मग तुलना दाखवू, मग फायदा दाखवू, मग जरा गोड बोलू. आणि मग, लोकांना भागीदार करू. प्रत्येक पायरी चढायला एकेक ठेच लागली. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक नवी संस्था पुन्हा पहिल्या पायरीपासूनच सुरू करते.

ही शिडी मुंबई आणि पुण्यानं १८९६ ते १८९८ मध्ये चढून पाहिली होती. पण नकाशा शोधनिबंधांवरून काढतात, आणि त्यातले बरेचसे इंग्रजीत, त्यातही अमेरिकेतून लिहिलेले. जे लिहिलं गेलं नाही, किंवा मराठीत, ओडियात, बंगालीत लिहिलं गेलं, ते त्यावर उमटत नाही. म्हणून नकाशावर रिकामी जागा दिसली, की तिथे ज्ञानच नाही असं समजू नका.

ओडिशाचं बघा. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. इशारा होता, पण जायचं कुठे, कुणाचं ऐकायचं, काही ठरलेलं नव्हतं. पुढच्या वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. दारात येऊन 'चला' म्हणणारा माणूस ओळखीचा होता आणि जायची जागा आधी पाहिलेली होती, याचा त्यात मोठा वाटा होता. आगाखानांच्या दंडावरची सुई आणि हा स्वयंसेवक, दोघांचं काम एकच.

जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात अनेकांचे फोन अचानक मोठ्यानं वाजले होते, आठवतंय? दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. या पद्धतीत तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. टॉवरच्या टप्प्यातले फोन एकदम वाजतात. म्हणजे यंत्रणा आपल्याकडेही आली आहे. खरा इशारा येईल तेव्हा मिलेटी आणि सोरेन्सन यांनी सांगितलेल्या पाच गोष्टी त्यात शोधा. कोण सांगतंय, कसला धोका आहे, नेमका कुठे आहे, किती वेळ हातात आहे, आणि मी काय करायचं. फॉरवर्ड आलेल्या संदेशालाही हेच पाच प्रश्न विचारा. 'कोण' आणि 'कुठे' यांची उत्तरं नसतील, तर तो संदेश तुमच्याच फोनवर थांबू द्या.

आणि एक प्रश्न आपण उलटा विचारायला हवा, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, तहसील कार्यालयात. आमच्या दरडीबद्दल, आमच्या धरणाबद्दल, आमच्या शेजारच्या कारखान्याबद्दल आम्हाला आधी काय सांगणार आहात, आणि आमचं कधी ऐकणार आहात? पुण्यात १८९७ मध्ये हे विचारायची सोय नव्हती. आज आहे. वापरू या.

तुमच्या गावात इशारा कसा दिला जातो? दवंडी, देवळाची घंटा, मशिदीचा भोंगा, की व्हॉट्सअॅप ग्रुप? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!